बोट ठेवून मोजू या: चित्रांच्या पुस्तकातून लहान मुलांना मोजायला शिकवताना

माझी भाची अडीच वर्षांची असताना एक ते वीस घडाघडा म्हणायची. पाहुणे आले की तिला पाटावर उभं करायचं, तिने म्हणायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा कार्यक्रमच ठरलेला. एका दुपारी मी बशीत द्राक्षं काढली आणि तिला म्हटलं, "मला तीन दे." तिने मूठ भरून दिली. "ही तीन आहेत?" "हो." मग बशीकडे बघून तिनेच विचारलं, "मावशी, अजून तीन देऊ?" आणि उरलेली सगळी माझ्या हातात ओतली.

तेव्हा मी बालवाडीत शिकवत होते आणि स्वतःला या विषयातली जाणकार समजत होते. पाटावर उभं करून म्हणून घेण्यात माझाच पुढाकार असायचा, हे सांगून टाकते.

वीसपर्यंत म्हणणं हे एक काम आणि तीन मोजणं हे दुसरं. पहिलं बडबडगीतासारखं पाठ होतं. दुसऱ्यात बरंच काही एकदम सांभाळावं लागतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली त्याची फोड करून दाखवली. आकड्यांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा. शेवटी जो आकडा उच्चारला, तो सगळ्या वस्तू मिळून किती ते सांगतो. वस्तू बदलली तरी रीत तीच राहते, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येतं. आपल्या हे इतकं अंगवळणी पडलंय की यात शिकण्यासारखं काही आहे हेच लक्षात येत नाही. मुलांना सगळ्यात जड जातं ते शेवटच्या आकड्याचं प्रकरण. चार बदकं बरोबर मोजलेल्या मुलाला लगेच "मग किती बदकं?" विचारून बघा. पुष्कळ मुलं उत्तर देण्याऐवजी पुन्हा एकपासून मोजायला लागतात. त्यांच्या लेखी "किती?" म्हणजे "मोज" असा हुकूम असतो.

कॅरन विन या संशोधिकेने १९९० साली हेच तपासलं. वस्तू ओळीने मोजून दाखवणारी मुलंसुद्धा "मला तीन दे" म्हटल्यावर मूठभर उचलून देतात, असं तिला आढळलं. मुलाला आधी फक्त "एक" खरा कळतो, काही महिन्यांनी "दोन", मग "तीन". त्यानंतर कधीतरी गाडी एकदम पुढे जाते आणि पाच-सहा-सातही हाताशी येतात. म्हणजे माझी भाची वयाच्या मानाने अगदी जागेवर होती, चुकत मी होते.

या कामात मला सगळ्यात जास्त मदत चित्रांच्या पुस्तकांनी केली. पुस्तकातली बदकं घरंगळत कॉटखाली जात नाहीत, कोणी ती खाऊन टाकत नाही आणि आज होती तेवढीच उद्याही त्याच पानावर असतात. शिवाय गोष्ट असली की मोजायला कारण मिळतं. पिल्लं हरवली आहेत का, लाडू सगळ्यांना पुरतील का, हे कळायला हवं असतं म्हणून मूल मोजतं. कारण नसताना मोजायला लावलं की ती परीक्षा होते, आणि परीक्षेचा वास मुलांना लांबून येतो.

पुस्तक निवडताना

मुखपृष्ठावर मोठ्ठा १-२-३ छापलेला दिसला की आईबाप ते उचलतात. मी आतलं एखादं पान उघडून त्यावर स्वतःचं बोट ठेवून बघते. प्रत्येक वस्तूवर बोट स्वतंत्र टेकतं का? वस्तू एकमेकींच्या मागे लपल्या असतील, अर्ध्या कापलेल्या असतील किंवा गर्दीत मिसळल्या असतील, तर ते पान मोजणीसाठी सध्या बाजूला ठेवायचं. आपल्याकडे द्राक्षाचा घड दिसला की जीव हरखतो, म्हणून मी एकदा घडाच्या सुंदर चित्रांचं पुस्तक वर्गात नेलं. मुलांनी बारा, सात, "खूप" आणि शंभर अशी उत्तरं दिली. मलाही नीट सांगता येईना, कारण मागची द्राक्षं दिसत नव्हती आणि पुढच्या दोन दाण्यांच्या मधे तिसरा आहे की सावली, हेच कळत नव्हतं.

सुरुवातीला एका पानावर पाचाच्या आत वस्तू पुरेत. एक ते तीन वस्तू आपण न मोजता नुसत्या नजरेने ओळखतो, लहान मुलंही ओळखतात. त्यामुळे तीनपर्यंत मुलाला आपण म्हणतोय ते डोळ्यांनी पडताळता येतं. चारच्या पुढे मोजणीची खरी गरज लागते. एक ते दहा क्रमाने येणारं पुस्तक चालेल, पण तेवढ्यावर थांबू नका. ज्यात एकही आकडा छापलेला नाही, अशा साध्या गोष्टीच्या पुस्तकात मोजायला अनेकदा जास्त मजा येते. बटण दाबलं की "वन, टू, थ्री" बोलणारी पुस्तकं मी घेत नाही. मोजायचं काम मुलाने करायचं असतं, ते पुस्तकच उरकून टाकतं.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं मुळीच नाही. नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, १८४० पासून आहे. मुलांना तिथे नेऊन पुस्तक त्यांच्याच हाताने निवडू द्या. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रं बघण्यासारखी असतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतली पुष्कळ चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. मात्र फोनच्या पडद्यावर मोजणी करू नका. मुलाने बोट टेकवलं की पान सरकतं आणि हातातलं बदक निसटतं. छापून घ्या, काळं-पांढरं असलं तरी चालेल, मुलं रंगवतील.

इंग्रजी पुस्तक हाताला लागलं तर ते खुशाल मराठीतून वाचा. घरात ज्या भाषेत "अगं, दोनच पोळ्या उरल्यात" म्हणता, त्याच भाषेत मोजणी आधी पक्की होऊ द्या. शाळेतलं "वन-टू" नंतर त्यावर सहज बसतं.

पहिल्यांदा वाचताना मोजायचं नाही

ही पायरी सगळे गाळतात. नवं पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर "सांग बरं, किती मांजरं?" सुरू होतं. पहिल्या वाचनात फक्त गोष्ट असू द्या. मांजर कुठे चाललं, त्याला कोण भेटलं, त्याने तोंड वाकडं का केलं, एवढंच. मूल पान अडवून कोपऱ्यातल्या मुंगीवर बोलत बसलं तर बसू द्या. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक ते स्वतःहून घेऊन आलं, तर मोजणीला हरकत नाही. नाही आणलं, तर पुस्तक बदला.

मूल मांडीवर किंवा शेजारी असावं, समोर नको. समोर बसलं की चित्र उलटं दिसतं आणि आपण मास्तर होतो. दिवसाला दहा मिनिटं पुरेशी आहेत. एका बैठकीत दोन पानांवर मोजलं की झालं, बाकीची पानं नुसती वाचायची.

आधी आकडा, मग मोजणी, मग पुन्हा आकडा

मोजणी करून दाखवायची ती अशी. पानावर तीन बेडूक आहेत. आपण म्हणायचं, "हे बघ, तीन बेडूक!" मग बोट ठेवत, "एक... दोन... तीन." मग तिन्ही बेडकांभोवती बोटाने गोल फिरवायचा आणि म्हणायचं, "तीन बेडूक."

दिसायला हे फारच साधं आहे, पण यातला क्रम सोडू नका. पानाला आधी आकडा दिला आणि लगेच तिथेच मोजून दाखवलं, की शेवटी आलेला "तीन" आणि सुरुवातीला ऐकलेला "तीन" एकच आहे, हे मुलाच्या कानाला लागतं. केली मिक्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली साडेतीन वर्षांच्या आसपासच्या मुलांबरोबर चित्रांची पुस्तकं वापरून हे पाहिलं होतं. नुसतं मोजून किंवा नुसता आकडा सांगून फारसं साधलं नाही. त्याच पानावर आकडा आणि मोजणी जोडून दिली, तेव्हा मुलं पुढे सरकली. गंडरसन आणि लेव्हिन यांच्या २०११ च्या अभ्यासातही असंच दिसलं. आईबाप डोळ्यांसमोरच्या वस्तूंचे आकडे बोलतात, आणि तेही चार ते दहा अशा थोड्या मोठ्या समूहांचे, तेव्हा त्याचा पुढे जास्त उपयोग होतो. हवेत म्हटलेल्या एक-दोन-तीनचा तेवढा होत नाही.

तो गोल फिरवायला विसरू नका. मी वर्गात ते करायला लागले आणि "मग किती?" विचारल्यावर पुन्हा मोजत बसणारी मुलं हळूहळू कमी झाली. नुसतं बोट शेवटच्या बेडकावर थांबलं, तर "तीन" हे त्या बेडकाचं नाव आहे असं मुलाला वाटतं. एका मुलाने मला तसं तोंडावर सांगितलंही होतं: "हा एक आहे, हा दोन आहे, आणि तीन तो हिरवा."

बोटाची शिस्त

आता मुलाची पाळी. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं डळमळतं. मूल मोजताना त्याच्या चेहऱ्याकडे न बघता बोटाकडे बघा.

बोट आणि तोंड यांचा वेग सहसा जुळत नाही. तोंड पुढे धावतं, बोट मागे राहतं, आणि तीन बदकांचे पाच होतात. किंवा बोट सरसर फिरतं आणि दोन बदकं मधेच गळतात. अशा वेळी "हळू मोज" म्हणून काही होत नाही. मुलाचं बोट हलकेच आपल्या हातात धरायचं, चित्रावर टेकवायचं, आणि टेकल्यावरच आकडा म्हणायचा. टेकणं आधी, बोलणं नंतर. दोन-तीन पानांनंतर हात सोडून द्यायचा.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. बालवाडीत आम्ही आकडे सुरात म्हणायला लावायचो, "एऽऽक, दोऽऽन, साऽऽत." सूर लांबला की मूल एका आकड्याचे दोन तुकडे करतं आणि "सा"ला एक चित्र, "त"ला दुसरं चित्र असं बोट पुढे नेतं. एक मुलगी रोज सहाला नीट यायची आणि सातला एक चित्र जास्त खायची. मला वाटायचं तिचं लक्ष नसतं. एके दिवशी तिचं बोट जवळून पाहिलं तेव्हा कळलं, की लक्ष चांगलं होतं, चाल आम्हीच चुकीची लावली होती. मोजताना आकडा तुटक म्हणा, भाजीवाला जुड्या टाकताना म्हणतो तसा.

चित्रं ओळीत असली तर सोपं जातं. विखुरलेली असली की मूल मोजलेल्याच चित्रावर परत येतं. त्यासाठी माझा आवडता उपाय चिंचोक्यांचा आहे. प्रत्येक चित्रावर एक चिंचोका ठेवायचा. ज्यावर चिंचोका आहे ते मोजून झालं. सगळ्या चित्रांवर ठेवून झाले की चिंचोके उचलून ओळीत मांडायचे आणि ते मोजायचे. पाच कासवांचे पाच चिंचोके झाले, उद्या पाच होड्यांचेही तितकेच होतात. वस्तू वेगळी असली तरी पाच तोच, हे समजावून सांगावं लागत नाही, तळहातावर दिसतं. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर चिंचोके अजिबात नकोत, ते नाकात नाहीतर घशात जातात. बाटल्यांची मोठी झाकणं घ्या आणि तरीही जवळ बसा.

वर्तुळात काढलेली चित्रं, म्हणजे फेर धरलेली मुलं किंवा ताटाभोवतीच्या वाट्या, सगळ्यात फसवी. सुरुवात कुठे केली ते मूल विसरतं आणि गोल गोल मोजतच राहतं. पहिल्या चित्रावर एक वेगळं झाकण ठेवा. हे जमलं की एक दिवस मुद्दाम दुसऱ्याच वाटीपासून सुरू करा आणि उत्तर तेवढंच आलं की आश्चर्य वाटल्यासारखं करा. मुलांना हा खेळ फार आवडतो, ती मग शेवटाकडून, मधूनच, आणि डोळे मिटूनही मोजून बघतात.

चुकलं तर

"चूक" हा शब्द वापरू नका, पण खोटं "शाब्बास"ही नको. "पाच आले का तुझे? थांब, मीपण मोजून बघते," म्हणायचं आणि आपण मोजायचं. मूल आपोआप बघतं. कधीकधी मी मुद्दाम चुकते, एक बदक गाळते किंवा चारनंतर सहा म्हणते. सोसायटीतली मुलं शनिवारी माझ्याकडे गोष्टी ऐकायला येतात, त्यांना माझी चूक पकडण्याइतका आनंद दुसऱ्या कशात होत नाही. "काकू, तुम्ही पाच खाल्ला!" असा ओरडा झाला की समजायचं, या पोरांना क्रम पक्का कळला.

आजीआजोबा असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या. त्यांना घाई असते आणि त्यांचा आवाजही मोठा असतो. माझ्या आजीला मात्र एक वेगळीच सवय होती. धान्य मापताना ती पहिल्या मापाला "एक" कधीच म्हणायची नाही, "लाभ" म्हणायची. लाभ, दोन, तीन. लहानपणी मीही बराच काळ पायऱ्या "लाभ"पासून मोजायचे आणि शाळेत त्यावरून बोलणी खाल्ली. घरात अशी काही रीत असेल तर ती जरूर ठेवा, फक्त मुलाला दोन्ही सांगा.

एक आला, एक गेला

चार-पाचपर्यंत बोट स्थिर झालं की गोष्टीतल्या घडामोडी कामाला घ्या. अनेक पुस्तकांत पानागणिक एक जण वाढतो किंवा एक निघून जातो. पान उलटण्याआधी थांबायचं. "आता झाडावर चार पक्षी आहेत. पुढच्या पानावर अजून एक येणार आहे. मग किती होतील?" उत्तर मागू नका, अंदाज मागा. मग पान उलटा आणि मोजून बघा. पान उलटण्यातली ती उत्सुकता कुठल्याही वहीत मिळत नाही. ही बेरीज आहे, पण बेरीज म्हणू नका.

उडून जाणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट शेवटी रिकाम्या फांदीवर येते. तिथे मुलं गप्प होतात. "एकही नाही" असं म्हणा, शून्य हा शब्द नंतर येऊ द्या.

माणसं मोजताना आपली भाषा एक गंमत करते, ती वाया घालवू नका. तीन मांजरं, पण मुलं असतील तर तिघं, मुली तिघी. दोघं निघाले, वाटेत एक भेटला, तिघं झाले, मग चौघं. गोष्ट वाचताना हे शब्द जाणीवपूर्वक वापरा. शहरातल्या मुलांच्या तोंडून "चौघी" ऐकू येणं कमी झालंय आणि मला त्याचं वाईट वाटतं. गोष्टीच्या पुस्तकातून ते सहज परत येतं.

आकड्याचं चिन्ह

हे सगळ्यात शेवटी. मुलाला "चार" कळण्याआधी ४ गिरवायला लावणं म्हणजे न पाहिलेल्या माणसाचं नाव पाठ करून घेणं. चिन्ह शिकवताना एका वेळी एकच लिपी घ्या. आपल्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत देवनागरी आकडे आणि लिफ्टमध्ये, फोनवर इंग्रजी. आपला १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ हा इंग्रजी आठासारखा. त्यामुळे मूल गोंधळलं तर दोष त्याच्याकडे नाही. ३ आणि ६ मध्ये गल्लत होते तिथे आपला जुना वाक्प्रचार उपयोगी पडतो. छत्तीसचा आकडा म्हणजे ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले, भांडण झालंय त्यांचं. ही गोष्ट एकदा सांगितली की मुलं विसरत नाहीत. ६३ लिहिला की त्यांची गट्टी होते.

मोठ्या आकड्यांची चिंता आत्ता करू नका. निपुण भारत अभियानाने पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतचे आकडे वाचता-लिहिता यावेत एवढंच ठरवलं आहे. एकवीसला "वीस एक" म्हणायचं का, यावर २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून केवढा वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना त्यावर जाहीरपणे बाजू मांडावी लागली होती. एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द मुलांना खरंच जड जातात. पण चार वर्षांच्या मुलाचा आणि त्या वादाचा संबंध यायला अजून बराच वेळ आहे.

पुस्तक मिटल्यावर

पुस्तकात मोजलेलं त्याच दिवशी घरात एकदा वापरात आलं पाहिजे. गोष्टीत चार वाट्या होत्या ना, मग जेवायला बसताना "आपण चौघं, चार वाट्या आण." मुलाने तीन आणल्या तर काही बोलू नका. कोणाला तरी वाटी नाही, हे पानावर बसल्यावर त्यालाच दिसेल. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात लिंबं त्याच्या हाताने पिशवीत टाकू द्या. अधूनमधून ती द्राक्षाची परीक्षाही घ्या, "मला तीन दे," पण कौतुकाचा कार्यक्रम न करता, सहज. मुठीऐवजी एकेक दाणा उचलला गेला आणि तीनला हात थांबला, की पुढचं पुस्तक काढायची वेळ आली.

आपलं नाशिकचं मोजणीचं पुस्तक

सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक घरीच तयार होतं. आपल्या गावाच्या नावांतच इतके आकडे पडलेत की शोधायला लांब जावं लागत नाही.

सामान: जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे, मागच्या वर्षाची दिनदर्शिका (तिच्यातले मोठे आकडे कापायला), डिंक, दोरा आणि फोन. पत्रिकेची कोरी बाजू वर ठेवून दहा पानं आणि वर-खाली एकेक पुठ्ठा. डाव्या बाजूला दोन भोकं पाडून दोरा ओवायचा. गाठ सैल ठेवा, पानं उलटी पडायला जागा लागते.

मग एकेक आकडा घेऊन एकेका रविवारी बाहेर पडायचं. दहा रविवार लागतात आणि ते लागू द्यावेत.

एकसाठी गोदाघाटावरचा एकमुखी दत्त. दत्ताला एरवी तीन मुखं असतात हे मुलाला माहीत असेल तर त्याला इथे मोठा प्रश्न पडतो आणि गप्पा लांबतात. दोनसाठी तिथून जवळच दुतोंड्या मारुती, एक तोंड पुढे आणि एक मागे. दोन्ही बघायला चालत वळसा घालावा लागतो. त्यामुळे "दोन" पायांनी शिकला जातो. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी या मारुतीच्या कुठपर्यंत चढलं त्यावरून नाशिककर पुराचा अंदाज करतात, तर जमलं तर पाणी कमी असतानाचा आणि जास्त असतानाचा असे दोन फोटो लावा, पुराचा मात्र लांबून. तीनसाठी त्र्यंबकेश्वर आहेच, पण तीन डोळे मुलाला हात लावून मोजता येत नाहीत. मी उभ्या रिक्षाची चाकं घेतली. चारसाठी काळाराम मंदिर. चारही दिशांना एकेक दरवाजा आहे. बाहेरून चारही दरवाजांशी मुलाला उभं करून चार फोटो काढायचे. याच दरवाजांशी २ मार्च १९३० ला सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला. दरवाजे मोजणारं मूल मोठं झाल्यावर ते सांगायला हेच पान उपयोगी पडेल.

पाच म्हणजे पंचवटी, दुसरं काय. सीता गुंफेजवळच्या वडांना क्रमांक दिलेले आहेत, त्यामुळे मुलाला आपली मोजणी झाडाशी ताडून बघता येते. पारंब्या मोजायला घेऊ देऊ नका, संध्याकाळ होईल.

सातसाठी सप्तशृंगी, किंवा घाटात मुलाला गाडी लागत असेल तर सातपूरची पाटी आणि तिच्याखाली मुलाने काढलेली सात फुलं. आठसाठी बागेतल्या कोळ्याचे पाय. नऊसाठी घटाच्या नऊ माळा, नवरात्रात रोज एक चिकटवायची. हे पान नऊ दिवस अपुरं राहतं आणि रोज सकाळी मूल "आज किती झाल्या?" विचारत उठतं. दहासाठी रावणाची तोंडं, मधलं एक आणि दोन्हीकडची मिळून नऊ. काढायला मोठ्यांनाही जमत नाहीत, एका बाजूला नेहमी जास्त होतात.

सहा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण सहासाठी गावात मला काही सुचलंच नाही. भाचीने सुचवलं, मुंगी. तिने स्वतःच काढली, काळ्या खडूने, पानभर मोठी. पाय काढताना मी स्वयंपाकघरात होते. येऊन बघते तर सात पाय. खोडून दे म्हटलं तर तयार नाही. ती आता पाच वर्षांची आहे आणि शनिवारी आलेल्या लहान मुलांना तेच पुस्तक स्वतः वाचून दाखवते. सहाच्या पानावर आली की प्रत्येक पायावर बोट टेकवते, सातला थांबते आणि सांगते, "ही मुंगी चुकलीय."